रस्त्याखालच्या चिकणमातीला टाकाऊ पदार्थांनी बळकटी कशी द्यावी

चिकणमाती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसून भेगाळते. तिच्यावर रस्ता बांधला तर ही सारी हालचाल रस्त्याला सोसावी लागते. आधी चाकोऱ्या पडतात, मग कडेने लांबच लांब भेगा जातात आणि अखेरीस वरचा खडी-डांबराचा चांगला थरही खचतो. सगळी माती उपसून दुसरी आणून भरणे नेहमी परवडत नाही, म्हणून जागेवरचीच माती सुधारून वापरतात. त्यासाठी लागणाऱ्या चुन्याची आणि सिमेंटची बरीचशी गरज कारखान्यांतून व पाडकामांतून निघणाऱ्या टाकाऊ पदार्थांनी भागू शकते. मात्र क्रम चुकवू नये. मातीला काय हवे आहे ते आधी तपासावे आणि त्यानंतरच पदार्थ निवडावा. राखेचा ढीग जवळ आहे, तो कुठेतरी संपवायचा आहे, एवढ्याच विचाराने सुरुवात केली तर रस्त्याचा उकिरडा होतो.

आधी माती ओळखावी

सगळी चिकणमाती सारखी नसते. केओलिनाइट या खनिजाच्या एक ग्रॅम कणांचे एकूण पृष्ठफळ साधारण १० ते २० चौरस मीटर असते, तर मोंटमोरिलोनाइटचे सुमारे ८०० चौरस मीटरपर्यंत जाते. पाणी धरून ठेवायला एवढी जागा असल्यामुळेच मोंटमोरिलोनाइटयुक्त माती इतकी फुगते. ती ओळखण्याची सोपी चाचणी अशी: वाळवून ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून चाळलेली माती १०-१० ग्रॅम घेऊन १०० मिलिलिटरच्या दोन मोजनळ्यांत टाकावी, एकीत ऊर्ध्वपातित पाणी आणि दुसरीत रॉकेल भरावे आणि २४ तास स्थिर ठेवावे. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. रॉकेलमधली माती १० मिलिलिटरवर आणि पाण्यातली १८ वर थांबली, तर मुक्त फुगवटा (रॉकेलमधल्या आकारमानाच्या मानाने पाण्यातली वाढ) ८० टक्के झाला. ५० टक्क्यांपुढची माती उपचाराशिवाय रस्त्याखाली घेऊ नये, असे माझे मत आहे.

याबरोबर द्रव व सुघट्य मर्यादा (किती पाण्याला माती वाहू लागते आणि किती पाण्याला ती मळता येते), प्रॉक्टर चाचणी (किती पाण्याला माती सर्वांत घट्ट दबते) आणि चार दिवस पाण्यात भिजवलेल्या नमुन्याचा सीबीआर, म्हणजे मातीच्या भार पेलण्याच्या ताकदीचा टक्केवारीतला आकडा, काढावा. कोरड्या नमुन्याचा सीबीआर चांगला येतो आणि फसवतो. मातीचा रंग किंवा पोत जिथे बदलतो, तिथून स्वतंत्र नमुना घ्यावा.

दोन गोष्टी बहुतेक जण तपासत नाहीत आणि तिथेच काम बिघडते. पहिली सेंद्रिय द्रव्याची: ते जास्त असेल तर चुन्याची क्रिया अडते. दुसरी, अधिक घातक, सल्फेटची. मातीतील सल्फेट, कॅल्शियम आणि अ‍ॅल्युमिना एकत्र आले की एट्रिंगाइट नावाचे स्फटिक तयार होते, ज्याच्या रासायनिक सूत्रातच पाण्याचे २६ रेणू धरलेले असतात. म्हणजे फुगवटा थांबवण्यासाठी घातलेला चुनाच नवा फुगवटा निर्माण करतो. अमेरिकेत लास वेगासमधील स्टुअर्ट अ‍ॅव्हेन्यू हा रस्ता याच कारणाने उखडला होता. विद्राव्य सल्फेट दशलक्ष भागांत ३,००० भागांहून अधिक आढळले, तर तज्ज्ञाच्या सल्ल्याशिवाय चुना किंवा सिमेंट घालू नये.

कोणता पदार्थ कशासाठी

टाकाऊ पदार्थ तीन प्रकारची कामे करतात. काही पदार्थ कॅल्शियम पुरवतात: अ‍ॅसिटिलीन वायू तयार करताना उरणारा कार्बाइडचा गाळ हा बहुतांशी विरलेला चुनाच असतो, आणि सिमेंटच्या भट्टीतील धुळीतही मोकळा चुना असतो. कॅल्शियममुळे मातीचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून गुठळ्या धरतात आणि चिकट माती काही तासांतच रवाळ होते. काही पदार्थ सिलिका आणि अ‍ॅल्युमिना पुरवतात: औष्णिक वीजकेंद्रातील कमी कॅल्शियमची राख, भाताच्या तुसाची राख, विटांची बारीक पूड. यांच्यात एकट्याने बांधणी करण्याची ताकद जवळजवळ नसते. चुन्याची जोड मिळाल्यावरच त्या आठवडे-महिने सावकाश घट्ट होत जातात. तुसाची राख ५०० ते ७०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान जळलेली असेल तर तिची सिलिका क्रियाशील राहते; त्याहून फार जास्त तापली की ती स्फटिकरूप होते आणि तिचा उपयोग घटतो. भट्टीतील बारीक दळलेली लोखंडाची मळी (स्लॅग) या दोन्ही गटांच्या मधली आहे. थोड्या चुन्याने ती चांगली पकडते.

तिसऱ्या गटातील पदार्थ रासायनिक काहीच करत नाहीत. पाडकामातील काँक्रीटचा चुरा आणि दगडाची भुकटी मातीला खरखरीतपणा देतात, टायरचे वा प्लॅस्टिकचे तुकडे भेगा रुंदावू देत नाहीत. अतिशय फुगणाऱ्या मातीत केवळ यांच्यावर विसंबून राहणे मला योग्य वाटत नाही, कारण मातीच्या कणाचा पाणी ओढण्याचा स्वभाव त्यांनी बदलत नाही.

फॉस्फोजिप्सम (फॉस्फेट खतांच्या कारखान्यात उरणारे जिप्सम) स्वतःच सल्फेट असल्याने चुन्याबरोबर फार जपून वापरावे. पोलाद शुद्धीकरणातील मळीत मोकळा चुना आणि मॅग्नेशिया असतो, तो नंतर फुगतो. ती उघड्यावर पुरेशी मुरवून आणि तपासूनच घ्यावी.

मात्रा कशी ठरवावी

चुना किंवा कार्बाइडचा गाळ घ्यायचा असेल तर सामूपासून (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) सुरुवात करावी. २५-२५ ग्रॅम चाळलेल्या मातीत २, ३, ४, ५ आणि ६ टक्के पदार्थ मिसळून प्रत्येकात १०० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाणी घालावे, तासभर दर दहा मिनिटांनी हलवावे आणि सामू मोजावा. ज्या किमान मात्रेत तो १२.४ ला पोहोचतो, तिथे मातीची स्वतःची भूक भागलेली असते. ही केवळ सुरुवातीची मात्रा होय. ताकद येईल की नाही ते तिच्यावरून कळत नाही. कमी कॅल्शियमची राख घालायची असल्यास चुन्याच्या तिप्पट ते चौपट राख धरून तीन-चार मिश्रणे करावीत आणि त्यांच्या ठोकळ्यांची दाब सोसण्याची ताकद ७ व २८ दिवसांनी मोजावी. ठोकळे फोडण्यापूर्वी पाण्यात भिजवावेत आणि काही ठोकळे बारा वेळा भिजवून वाळवून पाहावेत. रस्त्याला ऋतू सोसायचे असतात, म्हणून कोरड्या ताकदीपेक्षा या चाचणीला मी अधिक वजन देतो.

याच टप्प्यावर मिश्रणातून झिरपणाऱ्या पाण्याची तपासणी प्रयोगशाळेतून करून घ्यावी. राखेत आणि मळीत आर्सेनिक, क्रोमियम, सेलेनियम असू शकतात. खाली कुणाची तरी विहीर असते. आणि प्रत्येक खेपेची राख वेगळी असते, त्यामुळे एकदा तपासले म्हणजे झाले असे समजू नये.

प्रत्यक्ष काम

ठरलेल्या खोलीपर्यंत माती उकरून ढेकळे फोडावीत. सगळी माती २५ मिलिमीटरच्या आणि किमान ६० टक्के माती ४.७५ मिलिमीटरच्या चाळणीतून जाईल इतकी ती बारीक व्हायला हवी. मोठे ढेकूळ बाहेरून पांढरे दिसले तरी आतून कच्चेच राहते. पदार्थ किती पसरायचा याचा हिशेब सोपा आहे. थर २० सेंटिमीटरचा आणि कोरडी घनता घनमीटरला १,६०० किलो असेल, तर एका चौरस मीटरखाली ३२० किलो माती येते. ६ टक्के मात्रेला १९.२ किलो पदार्थ लागतो. एक चौरस मीटरची ताडपत्री वाटेत अंथरून, पसरणारे यंत्र तिच्यावरून गेल्यावर ती उचलून वजन करावी.

कळीचा चुना वापरल्यास १०० किलो चुना विरण्यातच सुमारे ३२ किलो पाणी खर्ची पडते आणि उष्णतेने आणखी वाफ होते, म्हणून पाणी त्या बेताने वाढवावे. हा चुना कातडी आणि डोळे भाजतो. चष्मा, हातमोजे आणि बूट घातल्याशिवाय कामगाराला त्याच्याजवळ जाऊ देऊ नये.

चुन्याचे मिश्रण हलके दाबून एक ते तीन दिवस मुरू द्यावे आणि पुन्हा कालवून मग पक्की दबाई करावी. सिमेंट किंवा जास्त कॅल्शियमची राख असेल तर ही सवड नसते. पाणी लागल्यापासून दोन तासांच्या आत रोलर फिरून झाला पाहिजे. दबाईच्या वेळी पाणी प्रॉक्टर चाचणीतून आलेल्या इष्टतम प्रमाणाहून किंचित जास्त असलेले बरे.

मिश्रण तळापर्यंत गेले का, ते पाहण्यासाठी ठिकठिकाणी उभा खड्डा खणून त्याच्या ताज्या कडेवर फिनॉलफ्थॅलीनचे द्रावण फवारावे. चुना पोहोचलेली माती क्षणात गडद गुलाबी होते. गुलाबी पट्टा २० ऐवजी १२ सेंटिमीटरवर संपला, तर तो भाग पुन्हा उकरावा.

थर सात दिवस ओलसर ठेवावा किंवा डांबरी इमल्शनने (पाण्यात मिसळलेल्या पातळ डांबराने) झाकावा. हवा ५ अंशांखाली जाण्याचा संभव असेल तर काम पुढे ढकलावे. अवजड वाहने या काळात थरावर येऊ देऊ नयेत आणि कडेचे चर थर झाकण्याआधीच खणून ठेवावेत, कारण बाजूने शिरणारे पाणी उपचार न केलेल्या मातीला फुगवून रस्त्याची कड उचलते.