कंचेभागुबेव आणि सी भाषेतील एक्स्प्रेशन

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतून मराठी माध्यमात दहावी करून डिप्लोमाला किंवा इंजिनिअरिंगला येणाऱ्या मुलांना कंचेभागुबेव (कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी हा गणितातील क्रम) तोंडपाठ असते. त्यामुळे सी या प्रोग्रॅमिंग भाषेतील ऑपरेटरांच्या (+, * यांसारख्या चिन्हांच्या) प्राधान्यक्रमाचा तक्ता पाहिला की हा तोच जुना नियम आहे, असे त्यांना वाटते. सी शिकवताना माझा सर्वाधिक वेळ ही समजूत काढून टाकण्यात जातो.

प्राधान्यक्रम फक्त कोणती किंमत कोणत्या ऑपरेटरच्या वाट्याला जाते एवढेच ठरवतो. ‘अ() + ब() * क()’ यात ब आणि क यांच्या उत्तरांचा गुणाकार होऊन तो अ च्या उत्तरात मिळवला जाईल हे नक्की असले, तरी या तिघांपैकी कोणते फंक्शन आधी चालेल हे सीचे मानक (भाषेचे अधिकृत नियम) ठरवत नाही, आणि प्रत्येक फंक्शन पडद्यावर काही छापत असेल तर छपाईचा क्रम कंपायलरनुसार (प्रोग्रॅमचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरनुसार) बदलू शकतो. जावामध्ये डावीकडून उजवीकडे हा क्रम बांधलेला आहे. जावा आधी शिकलेल्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. सीमध्ये तशी हमी &&, ||, ?: आणि स्वल्पविराम ऑपरेटर यांनाच आहे. शिवाय && ची डावी बाजू खोटी ठरली, तर उजवी चालतच नाही. म्हणूनच पॉइंटर (मेमरीतील पत्ता ठेवणारे व्हेरिएबल) नल, म्हणजे रिकामा, नाही हे && च्या डावीकडे तपासून उजवीकडे तो निर्धास्तपणे वापरता येतो. फंक्शनच्या आर्ग्युमेंटांमधला स्वल्पविराम मात्र हा ऑपरेटर नव्हे.

‘आय = आय++ + ++आय’ हा प्रकार याहून गंभीर आहे. येथे एकाच व्हेरिएबलमध्ये क्रम न ठरवता अनेकदा बदल होतो, आणि मानकाच्या भाषेत हे ‘अनडिफाइन्ड बिहेवियर’ आहे. म्हणजे दोन-तीन संभाव्य उत्तरांपैकी एक येईल असेही नाही, तर कंपायलरवर कोणतेच बंधन उरत नाही. 2011 च्या मानकात ‘सीक्वेन्स पॉइंट’ (आधीचे सर्व बदल पूर्ण झालेले असतात तो टप्पा) ही जुनी मांडणी बदलली, पण असे एक्स्प्रेशन तेव्हाही वैध ठरले नाही.

तरीही तोंडी परीक्षेत आणि कॅम्पस मुलाखतीत याचे ‘आउटपुट’ विचारले जातेच, आणि पर्यायांत चार आकडे दिलेले असतात. प्रश्न सदोष आहे असे थेट म्हणणे नवख्याला जड जाते. अशा वेळी प्रयोगशाळेतील कंपायलर जो आकडा देतो तो सांगावा आणि लगेच मानक त्याची हमी देत नाही हेही सांगावे. परीक्षक अडून बसले, तर जीसीसी (GCC) या कंपायलरमध्ये ‘-वॉल’ (-Wall) हा पर्याय लावून येणारी सूचना त्यांना दाखवता येते.