मंगळावर जीवसृष्टी शोधायची असेल, तर आधी खडक वाचायला शिका

मंगळावरील जीवसृष्टीच्या शोधात काम करायचे आहे, असे सांगणारे विद्यार्थी भेटतात तेव्हा बहुतेकांनी जीवशास्त्र किंवा अभियांत्रिकी हीच वाट धरायचे ठरवलेले असते. भूविज्ञानाचे नाव क्वचितच निघते. मी पुण्यात भूविज्ञान शिकून या क्षेत्रात आले आणि आता मंगळाभोवती फिरणाऱ्या यानांनी नोंदवलेल्या वर्णपटांवर काम करते. गेल्या वीस वर्षांत मंगळावर फिरलेल्या रोव्हरनी जीवसृष्टीला अनुकूल परिस्थितीच्या खुणा खडकांतच शोधल्या आहेत. म्हणून नव्याने येणाऱ्यांसाठी हे लिहीत आहे.

पदवीच्या दुसऱ्या वर्षी सरांनी आम्हाला घाटात, रस्त्यासाठी फोडलेल्या कातळापाशी उभे केले. काळ्या बेसॉल्टच्या पोकळ्यांत पांढरे स्फटिक भरलेले होते आणि दोन लाव्हाप्रवाहांच्या मध्ये तांबड्या मातीचा वीतभर जाडीचा थर होता. पांढरे स्फटिक पाहताच मी वहीत ‘कॅल्साइट’ असे लिहून टाकले. सरांनी काही न बोलता सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाची बाटली माझ्या हातात दिली. थेंब टाकला, भिंगातून पाहिले, पण कॅल्साइटवर येतो तसा फेस आला नाही, कारण ते झिओलाइट हे वेगळे खनिज होते. दिसण्यावरून नाव देऊ नये, आधी चाचणी करावी, हे त्या दिवशी मनावर कोरले गेले आणि पुढे मंगळाच्या कामात त्याचा सर्वाधिक उपयोग झाला.

मंगळाचे कवचही मुख्यतः बेसॉल्टचेच आहे. पाण्याच्या सहवासात बेसॉल्टचे रूपांतर कसे होते, त्यातून चिकणमातीची खनिजे, कार्बोनेटे आणि सल्फेटे केव्हा तयार होतात, हे ज्याला सह्याद्रीत पायी फिरून समजले आहे, त्याला मंगळावरील जेझेरो विवराच्या नकाशावरील कार्बोनेटांच्या नोंदींचा अर्थ लवकर लागतो. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार तर प्रत्येकाने पाहावेच. सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे हे विवर अशनीच्या आघाताने थेट बेसॉल्टमध्ये तयार झाले आहे आणि अशी विवरे पृथ्वीवर अत्यंत दुर्मीळ आहेत. त्यातील खारट व अल्कधर्मी पाणी जून 2020 मध्ये गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचे कारण हॅलोआर्किया हे क्षारप्रेमी सूक्ष्मजीव असल्याचे दाखवले होते.

या क्षेत्राचा इतिहास वाचताना पहिला मुक्काम व्हायकिंगपाशी करावा. 1976 मध्ये उतरलेल्या दोन व्हायकिंग यानांनी मंगळाच्या मातीवर जीवशास्त्रीय प्रयोग केले. त्यांपैकी एका प्रयोगात किरणोत्सारी कार्बन असलेले पोषक द्रावण मातीत सोडताच त्या कार्बनचा वायू बाहेर पडला, आणि 160 अंश सेल्सिअसपर्यंत तापवलेल्या मातीतून मात्र तो जवळजवळ बाहेर पडला नाही. एवढ्यावरून माती जिवंत आहे असेच कुणालाही वाटेल. परंतु त्याच यानांवरील दुसऱ्या उपकरणाला मंगळाची म्हणता येतील अशी सेंद्रिय संयुगे सापडली नाहीत. 2008 मध्ये फिनिक्स यानाला मंगळाच्या मातीत परक्लोरेट हा क्लोरीनयुक्त क्षार सापडला आणि कोड्याचा एक धागा हाती आला, कारण नमुना तापवताना परक्लोरेट सेंद्रिय पदार्थांचा नाश करू शकते. माझ्या मते या उलगड्याचे खरे शिक्षण असे आहे की, मातीचे रसायन पुरेसे माहीत नसताना तिला जीवशास्त्राचा प्रश्न विचारला गेला. पुढच्या मोहिमांनी म्हणूनच क्रम बदलला: आधी पाणी, मग जगण्यास अनुकूल परिस्थिती आणि त्यानंतर जीवसृष्टीच्या खुणा.

आता माझ्या एका चुकीविषयी. पदव्युत्तर प्रकल्पात मी मार्स रिकनेसन्स ऑर्बिटरवरील क्रिझम या वर्णपटमापकाची माहिती वापरत होते. एका विवराच्या कडेला, सावली आणि उन्हाच्या सीमेवर, मोजक्या पिक्सेलांमध्ये वर्णपटात 2.1 मायक्रोमीटरपाशी प्रकाश शोषला गेल्याची स्पष्ट खाच दिसली. परक्लोरेटांची खाच तिथेच येते. खारट पाण्याचा पुरावा हाती लागला, अशा समजुतीत मी तीन आठवडे मजकूर लिहिला. मार्गदर्शकांनी मूळ, प्रक्रिया न केलेली माहिती उघडायला सांगितली, तर तिथे ती खाच नव्हतीच. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात हीच अडचण सविस्तर मांडलेली आहे: गोंगाट कमी करण्याच्या प्रक्रियेतूनच काही पिक्सेलांत नेमकी अशी खोटी खाच तयार होते. मी तो निबंध आधी वाचायला हवा होता. तेव्हापासून कोणताही निष्कर्ष लिहिण्यापूर्वी मी मूळ माहिती तपासते, त्याच जागेचे दुसऱ्या दिवशी घेतलेले निरीक्षण शोधते आणि त्याच ऑर्बिटरवरील हायराइज कॅमेऱ्याच्या चित्रात तिथे खडक प्रत्यक्षात कसा दिसतो ते पाहते. नवख्यांनी ही सवय पहिल्या महिन्यापासून लावून घ्यावी.

हीच शिस्त चेयावा फॉल्स नावाच्या खडकाच्या अभ्यासात पाहायला मिळते. फेब्रुवारी 2021 मध्ये जेझेरोत उतरलेल्या पर्सिव्हरन्स रोव्हरला जुलै 2024 मध्ये, नेरेत्वा व्हॅलिस या प्राचीन नदीपात्रात, तांबूस पंकाश्मावर (चिखलापासून बनलेल्या खडकावर) फिकट ठिपके आणि त्यांच्या गडद कडा दिसल्या. हे ठिपके केवळ काही मिलिमीटरचे आहेत. क्ष-किरणांनी केलेल्या मोजणीत कडांमध्ये लोह आणि फॉस्फरस आढळले, म्हणजे बहुधा व्हिव्हियानाइट हे खनिज. आणि आतल्या भागात लोह व गंधक, म्हणजे बहुधा ग्रेगाइट. सोबत सेंद्रिय कार्बनही होता. पृथ्वीवर अशा चिखलात लोह आणि सल्फेट यांवर जगणारे जीवाणू हीच खनिजे तयार करतात. तरीही सप्टेंबर 2025 च्या शोधनिबंधात ‘संभाव्य जैवखूण’ एवढेच शब्द वापरले आहेत, कारण जीवांशिवाय घडणाऱ्या अभिक्रियांनीही अशी रचना होणे शक्य आहे. त्यांपैकी काहींना लागणाऱ्या उष्णतेच्या खुणा या खडकात दिसत नाहीत. तरी मंद गतीच्या अजैविक अभिक्रिया पूर्णपणे बाद झालेल्या नाहीत. ‘संभाव्य’ या एका शब्दामागे किती मोजण्या आणि किती युक्तिवाद असतात, हे समजण्यासाठी तो निबंध आकृत्यांसह, हातात पेन्सिल घेऊन वाचावा.

शिक्षणाच्या वाटेविषयी थोडक्यात. भूविज्ञानाच्या पदवीबरोबर रसायनशास्त्र सोडू नये. आयआयटीसारख्या संस्थांतील पदव्युत्तर प्रवेशासाठी असलेल्या जॅम परीक्षेत भूविज्ञानाची स्वतंत्र प्रश्नपत्रिका असते. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत ग्रहविज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे. पायथन ही संगणकीय भाषा शिकण्यास पर्याय नाही. ते पहिल्या वर्षापासूनच शिकावे. नासाच्या मोहिमांची माहिती प्लॅनेटरी डेटा सिस्टीमवर सर्वांसाठी खुली आहे आणि जेमार्स ही नकाशांची प्रणालीही विनामूल्य मिळते, त्यामुळे गावातील साध्या संगणकावरूनही सुरुवात करता येते.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना एक आग्रहाची विनंती आहे. युटाच्या वाळवंटात होणाऱ्या युनिव्हर्सिटी रोव्हर चॅलेंजमध्ये भारतीय संघ नेहमी उतरतात. त्या स्पर्धेत मातीत जीवांच्या खुणा तपासण्याचे कामही असते, आणि चाके व हात तयार झाल्यावर उरलेल्या वेळात ते उरकण्याकडे अनेकांचा कल असतो. कोणता नमुना घ्यायचा आणि त्याच्यावर कोणती चाचणी करायची, हे आधी ठरवून मग रोव्हरचा हात तयार करावा. पर्सिव्हरन्सच्या हातावरील क्ष-किरण उपकरण मीठाच्या कणाएवढ्या ठिपक्याचे मोजमाप घेते. तेवढ्या अचूकतेने ते खडकाजवळ धरता यावे लागते.

चेयावा फॉल्समधून घेतलेला, सॅफायर कॅन्यन नावाचा खडकाचा दंडगोल नमुना बंद नळीत असून तो अजून मंगळावरच आहे. तो पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेत आला, तर लोह आणि गंधक यांच्या समस्थानिकांचे प्रमाण मोजून ही खनिजे जीवांनी तयार केली का, हे तपासता येईल. ती मोजणी रोव्हरला जमणारी नाही. आज पदवीच्या पहिल्या वर्षाला असलेल्यांपैकी ज्यांना ती करायची असेल, त्यांनी समस्थानिक भूरसायनाचा अभ्यास आतापासूनच सुरू करावा.