नोकरी सांभाळून शेंगा चटणीचा धंदा

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात मी हिशेब बघते आणि उरलेल्या वेळात शेंगा चटणी विकते. ओळखीतल्या बायका पहिलं विचारतात, "भांडवल किती लागलं गं?" दहा किलो दाणे कुणालाही आणता येतात. आठवड्यात आपले म्हणावे असे तास किती निघतात, ते आधी कागदावर मांडा आणि त्या तासांत मावेल असाच माल निवडा. माझ्याकडे सुट्टीची सकाळ आणि मधल्या दोन संध्याकाळी आहेत. बाकीच्या वेळेला हात लावायचा नाही, असं आमच्या घरात ठरलंय.

सोलापुरात घरगुती धंदा म्हटलं की कडक भाकरी आणि शेंगा चटणी ही जोडी पुढे येतेच. पण भाकरी एकेक थापावी लागते, भाजावी लागते, मग कडक होईपर्यंत तिच्याकडे लक्ष ठेवावं लागतं. शंभर भाकऱ्या म्हणजे शंभरदा थापणं आलं. चटणीत दहा किलोचे पंधरा किलो झाले तरी व्याप थोडाच वाढतो, आणि माल नीट कोरडा असेल तर महिनाभर टिकतो. त्यामुळे चटणी घरची, आणि कडक भाकरी आमच्याच भागातल्या एका मावशींकडून घेऊन मी सोबत ठेवते. भाकरीत मला फारसं सुटत नाही. पण भाकरीला आलेलं गिऱ्हाईक चटणी घेतल्याशिवाय जात नाही.

आता चटणीचं. दाणे घरी आणले की परातीत पसरून निवडायला बसा. सुरकुतलेले, काळपट, बुरशी धरलेले दाणे निर्दयपणे काढून टाका. बुरशीचं विष भाजल्याने जात नाही, आणि थोडेसे खवट दाणेसुद्धा सगळ्या घाण्याची चव घालवतात. जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर भाजा. दाणा दोन बोटांत चोळल्यावर साल सुटली पाहिजे आणि आतून तो हलका बदामी दिसला पाहिजे. आच मोठी केली तर साल करपते नि आत कच्चा राहतो. पूर्ण गार झाल्यावरच चोळून पाखडा. लसूण आदल्या रात्री सोलून पंख्याखाली पसरून ठेवा, कारण चटणी लवकर खराब होते ती बहुतेक वेळा लसणाच्या ओलीने. तिखटाला रंगासाठी बेडगी आणि झणक्यासाठी गुंटूर, दोन्ही मिसळून. मिरची उन्हाळ्यातच वर्षाची भरून ठेवा.

मिक्सरला मात्र हात लावू नका. पातं दाणा कापतं, त्याचं आधी कूट होतं नि मग एकदम लगदा. कांडपात दाणा ठेचला जातो, तेल हळूहळू सुटतं आणि चटणीला ती पाकळी राहते. झाली की नाही हे मुठीत बघायचं: दाबल्यावर मुटका वळला पाहिजे आणि बोटाने टोचल्यावर तो फुटला पाहिजे. फुटलाच नाही, तर जास्त कांडली गेली. कांडप गिरणीत नंबर सकाळी पहिला लावा. काळ्या मसाल्याच्या मागे आपला घाणा गेला, तर चटणीला लवंग-दालचिनीचा वास लागतो. आमच्या कांडपवाल्या मामांना मी आदल्या दिवशी फोन करते. ते म्हणतात, "पैला नंबर तुमचाच की ओ ताई, सातला या." सातला गेलं की नऊला घरी.

पिशव्या भरताना कागदाचा कोन करून आत सोडा आणि त्यातून चटणी घाला. तोंडाला तेलाचा हात लागला की सीलिंग मशिनने कितीही दाबलं तरी चिकटत नाही, वरून मात्र चिकटल्यासारखं दिसतं. आमच्याकडचा एप्रिल-मे तर तुम्हाला माहीत आहे. पारा त्रेचाळीसवर गेला की तेल वाट काढतंच आणि दुकानदाराच्या फळीवर डाग पडतात. उन्हाळ्यात जाड पिशवी घ्या नि दोनदा सील करा.

हिशेब सांगते, तो माझा रोजचाच विषय. समजा दाणे १४० रुपये किलो. दहा किलोचे १४००, लसूण २००, तिखट ३००, मीठ-जिरं ६०, गॅस १००, कांडप १३०. झाले २१९०. सालं नि निवडलेले दाणे जाऊन, लसूण-तिखट मिळून चटणी निघते साडेदहा किलोच्या आसपास. म्हणजे किलोला २१० रुपये. पाव किलोच्या पिशवीला लेबलसकट सहा रुपये धरले तर आणखी २४. दुकानदाराला ३४० ने दिली तर घाण्यामागे अकराशे उरतात. त्यात माझे आणि सासूबाईंचे पाच-पाच तास आहेत, तेव्हा माणशी तासाला एकशे दहा. तेच घरपोच ४०० ने गेलं तर आकडा बराच बदलतो. पण पोचवायला लागणारा वेळही त्यातच धरायचा, पेट्रोलही. बहुतेक जणी इथेच फसतात: स्वतःचे तास फुकट धरतात आणि मग "धंद्यात राम नाही" म्हणतात. लसणाचा भाव वर्षात कुठल्या कुठे जातो, म्हणून हा तक्ता दर महिन्याला नव्याने मांडा. भाव वाढवायची वेळ आली की वाढवा, गिऱ्हाईक तुम्हाला वाटतं तितकं पळत नाही.

कागदपत्रांना फार घाबरू नका. खाण्याचा माल विकायचा तर घरगुती असला तरी एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लागतेच. मी केली तेव्हा १२ लाखांच्या आतल्या वार्षिक उलाढालीला साधी नोंदणी होती, फी वर्षाला १०० रुपये, सगळं ऑनलाइन. मिळालेला चौदा आकडी नंबर पिशवीवर छापायचा. सोबत घटक, निव्वळ वजन, कमाल किंमत, बनवल्याची आणि वापरायची तारीख, तुमचा पत्ता, तक्रारीसाठी फोन, शाकाहारीची हिरवी खूण. आणि शेंगदाण्याची ॲलर्जी असणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, आधार कार्डावर फुकट होते, त्यासाठी पैसे मागणाऱ्या एजंटाला चहासुद्धा पाजू नका. जीएसटीला मालाच्या धंद्यात ४० लाखांपर्यंत सूट आहे, पण ती राज्यातल्या विक्रीपुरती. विजापूर, हैदराबादकडे आपल्या सोलापूरकरांचे नातेवाईक ढिगाने, आणि मागणी तिथूनच आधी येते. सीमेपलीकडे माल विकायचा तर उलाढाल कितीही कमी असली तरी नोंदणी घ्यावी लागते. मी म्हणून महाराष्ट्राबाहेर विकतच नाही. पाहुण्यांनी इथे येऊन घेऊन जावं.

नोकरीच्या ठिकाणी लपवाछपवी नको. नियुक्तिपत्र काढून वाचा. सरकारी नोकरांना तर महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ प्रमाणे परवानगीशिवाय धंदा करता येत नाही. आमच्या मालकांना मी आधीच सांगितलं. कारखान्याच्या वेळात ऑर्डरचे फोन घ्यायचे नाहीत, एवढीच त्यांची अट. मला ती रास्त वाटली. व्हॉट्सॲपवर आपोआप उत्तर लावून ठेवलंय, संध्याकाळी सातनंतर बघते. आणि हो, आयकराचं रिटर्न भरताना पगारात धंद्याचा नफा मिळवायचा असतो, पगारदारांचा साधा 'सहज' फॉर्म (आयटीआर-१) त्यावेळी चालत नाही.

विक्रीला सुरुवात जाण्यायेण्याच्या वाटेवरच्या दुकानांपासून करा, वाकडी वाट नको. उधारी एका फेरीची: मागच्या पिशव्यांचे पैसे हातात आले की पुढच्या द्यायच्या. एका दुकानदाराने "पुढच्या आठवड्यात बघू" असं चार वेळा ऐकवलं, त्याच्याकडे माल बंद. भांडण नाही, तगादा नाही, माझ्याकडे त्यासाठी संध्याकाळ नाही. धंद्याचं बँक खातं वेगळं, क्यूआर त्याचाच. घरातला किराणा त्यातून घ्यायचा नाही.

मोठा हंगाम दोनदा येतो. जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा, आणि दिवाळी, जेव्हा पुण्या-मुंबईची पोरं सुट्टी संपवून निघताना पिशव्या भरून नेतात. गड्ड्यावर स्टॉल टाकायचा मोह होतो, पण रोज रात्री उशिरापर्यंत उभं राहून सकाळी कामावर कोण जाणार? स्टॉलवाल्यांनाच मी माल देते, निम्मे पैसे आगाऊ घेऊन. दिवाळीची यादी कोजागिरीला बंद. त्यानंतर विचारणाऱ्याला मी भाऊबीजेनंतरची तारीख सांगते, मग ती माझी सख्खी नणंद का असेना.