फ्रीज थंड होत नाही? आधी दाराचं रबर बघा

पावसाळ्यात आमच्या फ्रीजमध्ये आतल्या भिंतींना पाणी सुटायचं, फ्रीजरमध्ये बर्फाचा डोंगर व्हायचा आणि गंगावेशेतून आणलेलं म्हशीचं दूध दुसऱ्या दिवशीच फाटायचं. गॅस गेला असेल असं वाटलं होतं. दोष निघाला दाराच्या रबरात. कोल्हापुरातली जुलैची दमट हवा फटीतून सारखी आत शिरत होती.

१. दहाची नोट दारात अर्धी अडकवून दार लावा आणि ओढा. सहज निसटली तर तिथं रबर सैल आहे. चारही बाजूंनी बघा, बिजागरीकडची बाजू आणि खालचे कोपरे विसरू नका. आमच्याकडं खालच्याच कोपऱ्यात फट होती.

२. प्लग काढा. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून रबर पुसा. घड्यांमध्ये काळी बुरशी आणि सांडलेल्या दुधाचा चिकटा बसलेला असतो, तो जुन्या टूथब्रशनं काढा. बऱ्याचदा एवढ्यानंच काम होतं. मग कोरडं करा.

३. तरीही सैल असेल तर हेअर ड्रायरची मंद हवा तेवढ्याच जागी लांबून फिरवा, रबर मऊ झालं की बोटांनी बाहेर ओढून आकार द्या आणि दार तासभर बंद ठेवा. पुन्हा नोट लावून बघा.

रबर फाटलेलंच असेल तर मात्र नवीन बसवा, मॉडेल नंबर सांगून मागा.

आणि साठलेला बर्फ सुरीनं खरवडू नका. आतल्या नळीला भोक पडलं तर गॅस खरोखरच जाईल. फ्रीज बंद करून बर्फ आपोआप वितळू द्या, खाली जुनं फडकं अंथरा.