ब्रेक मारला की जुनी गाडी एका बाजूला ओढते? आधी दुसऱ्या बाजूचं चाक उघडा

पद्मिनी किंवा जुनी अॅम्बेसेडर, म्हणजे ड्रम ब्रेकवाली गाडी, ब्रेक मारल्यावर डावीकडे ओढायला लागली की बहुतेक जण डावं चाक उघडतात आणि तिथे सगळं ठीक दिसतं, कारण ते ठीकच असतं. डावा ब्रेक त्याचं काम करतोय, उजवा कमी पडतोय, म्हणून गाडी डावीकडे जातेय. कधीकधी ओढणाऱ्या बाजूचा ब्रेक जास्त पकडतो हेही खरं, पण सुरुवात दुसऱ्या बाजूने करा, वेळ वाचतो.

चाक खोलायच्या आधी टायर बघा. पुढच्या दोन्ही टायरमध्ये हवा सारखी पाहिजे, टायरही एकाच मेकचे आणि साधारण सारखेच झिजलेले. पुढचे टायर डावे-उजवे बदलून बघा, ओढण्याची बाजू बदलली तर ब्रेकला हातच लावू नका.

ट्रायलसाठी रविवारी सकाळी नवी मुंबईत महापे किंवा ठाण्यात वागळे इस्टेटच्या एमआयडीसीतला एखादा सपाट, रिकामा रस्ता घ्या, पाम बीच रोड नको, तिथे मागून सुसाट येतात. रस्त्याला पाणी वाहून जायला कडेला उतार दिलेला असतो आणि आपण डावीकडून चालवतो, त्यामुळे चांगली गाडीही थोडी डावीकडे सरकते, म्हणून मागेपुढे कोणी नाही बघून रस्त्याच्या मधून चालवा. ३०-४० चा स्पीड, स्टिअरिंग हलकं धरायचं, आधी ब्रेक न लावता बघायचं आणि मग ब्रेक लावून. ब्रेक न लावताही ओढत असेल तर अलाइनमेंट, टायर, नाहीतर एखादं चाक जाम. एकदा डावीकडे एकदा उजवीकडे अशी बाजू बदलत असेल तर स्टिअरिंगचे टायरॉड एंड, पुढचे बुश, मागच्या कमानीचे (लीफ स्प्रिंगचे) यू बोल्ट यातलं काहीतरी ढिलं आहे. आणि पावसाळ्यात गाडी चार दिवस उभी राहिली की ड्रमला आतून हलका गंज धरतो, तेव्हा पहिले दोन-तीन ब्रेक वाकडे लागले आणि नंतर सरळ झालं तर घाबरायचं कारण नाही.

ट्रायल झाली की लगेच चारही ड्रमचं टेंपरेचर बघा, टेंपरेचर गन असेल तर उत्तम, नुसता हात लावू नका, चटका बसतो. पुढचं एक गरम आणि एक थंड असेल तर थंड चाक कामच करत नाहीये.

आता चाक उघडा. गाडी स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर नको, आणि ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका, जुन्या लायनरमध्ये, म्हणजे ड्रमला आतून घासणाऱ्या अस्तरात, अॅस्बेस्टॉस असतं, ओल्या फडक्याने पुसून घ्या. मग व्हील सिलिंडरचं, म्हणजे चाकातल्या ब्रेक दाबणाऱ्या छोट्या सिलिंडरचं, रबर बूट उचकून बघा, आत ओलं दिसलं तर सिलिंडर लीक आहे. पिस्टन हाताने सरकत नसेल तर गंजून जाम झालाय, आणि आपल्याकडच्या दमट हवेत हे खूप होतं कारण ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. लायनरवर ब्रेक ऑइल किंवा ग्रीस लागलं असेल तर घासून-पेटवून साफ करत बसू नका, नवीन घ्या, आणि एका चाकाचे कधीच नाही, दोन्ही बाजूंचे एकाच मेकचे. ड्रम लेथवर फिरवायचा तरी दोन्ही सारखेच. रबर किट बसवताना पेट्रोलने धुऊ नका, रबर फुगतं, फक्त ताजं ब्रेक ऑइल.

सगळ्यात फसवणारी गोष्ट म्हणजे होज पाईप, चाकापर्यंत ब्रेक ऑइल नेणारा रबरी पाईप. बाहेरून छान दिसतो पण आतून फुगून बंद होत आलेला असतो. खूण अशी, ब्रेक मारताना गाडी आधी एका बाजूला जाते आणि पेडल सोडल्यावर दुसरीकडे ओढते, कारण त्या चाकाला ऑइल उशिरा पोचतं आणि परतही उशिरा येतं. चाक उचला, कोणाला तरी ब्रेक दाबून सोडायला सांगा, चाक जाम राहिलं तर त्या चाकाचं निप्पल (एअर काढायचा स्क्रू) जरा ढिलं करा. ऑइल निघून चाक मोकळं झालं तर प्रेशर अडकलं होतं. पुन्हा तसंच जाम करा आणि आता होजच्या अलीकडचा, म्हणजे पेडलकडून येणाऱ्या लोखंडी पाईपचा जॉइंट ढिला करा, तेव्हाही चाक मोकळं झालं नाही तर होज गेला. दोन्ही बाजूंचे बदला.

मेकॅनिक लगेच मास्टर सिलिंडर (पेडलला जोडलेला मुख्य सिलिंडर) बदलायला सांगत असेल तर थांबवा. जुन्या सिंगल सर्किट, म्हणजे चारही चाकांना एकच ब्रेक लाइन असलेल्या, गाडीत मास्टर सिलिंडर सगळीकडे सारखंच प्रेशर देतो, तो एका बाजूला ओढायला लावू शकत नाही. ब्रेक लाइनमध्ये अडकलेल्या एअरचंही तसंच, एअरने पेडल स्पंजी होतं, गाडी सहसा वाकडी जात नाही. आणि कमी पडणाऱ्या बाजूचा अॅडजस्टर नुसता टाइट करून गाडी सरळ करून देणाऱ्याला नकोच म्हणा, जाम पिस्टन तसाच आत राहतो आणि लायनर घासून ड्रम तापतो.

काम झाल्यावर एअर काढा, चारही चाकांचे ब्रेक अॅडजस्ट करा आणि त्याच रस्त्यावर परत ट्रायल घ्या. नवीन लायनर ड्रमला नीट बसेपर्यंत थोडं ओढेल, हळू ब्रेक मारत चालवा, आणि ४० च्या स्पीडला गाडी सरळ थांबेपर्यंत ठाण्याच्या घोडबंदर रोडवर गायमुखच्या उतारावर नेऊ नका.