मायच्या वेचणीच्या वहीतलं रेषीय फल

यवतमाळकडच्या आमच्या गावात मी संध्याकाळी अकरावीच्या पोरापोरींची शिकवणी घेते. ‘फल’ (फंक्शन, म्हणजे एका आकड्यावरून दुसरा काढायचा नियम) हा धडा आला की पुस्तक बाजूला ठेवते आणि मायची कापूस वेचणीची वही काढते. त्यातल्या एका पानावरचे आकडे वजनाच्या क्रमानं लावले की असे दिसतात:

वजन (किलो): ११, २१, ४१, ५१
मजुरी (रुपये): १००, २००, ४००, ५००

हे रेषीय आहे का, म्हणजे आलेख काढला तर सरळ रेषा येईल का? पोट्टे लगेच खालची ओळ वजा करत सुटतात. १००, २००, १००. “फरक सारखा नाही मॅडम, रेषीय नाही!” थांबा ना बाप्पा. वरच्या ओळीतलेही फरक काढा: १०, २०, १०. मायचा ३१ किलोचा दिवसच नव्हता, एवढंच झालं. आता खालचा प्रत्येक फरक त्याच्या वरच्या फरकानं भागा. १०, १०, १०. भागाकार सगळीकडे एकच आला तर फल रेषीय, आणि तोच रेषेचा चढ. नुसत्या वजाबाकीवर काम भागतं ते वरची ओळ सारख्या अंतरानं वाढत असेल तरच.

हुशार पोरं वेगळीच चूक करतात. वजन दुप्पट तर मजुरी दुप्पट, अशी कसोटी लावतात. ती समचलनाची कसोटी. इथं ११ किलोला १०० रुपये, पण २२ किलोला २१० होतात. तरी फल रेषीयच, फक्त त्याची रेषा आरंभबिंदूतून जात नाही.

सूत्र काढायला एकच जोडी पुरते. चढ १०, म्हणजे ११ किलोचे ११० व्हायला हवे, वहीत १००. दहा कमी. म्हणून क्ष किलोची मजुरी म(क्ष) = १०क्ष − १०. शेवटच्या जोडीवर ताडून पाहा: ५१० − १० = ५००. जमलं. (क्ष एकापेक्षा कमी धरला तर मजुरी उणे येते, तेवढं गाठोडं घेऊन काट्यावर कोणी जात नाही.)

हे उणे दहा आले कुठून? माय सांगते, “फडक्याचा म्हणून एक किलो कापते ना मालक.” फडकं म्हणजे कापूस बांधायचं कापड, त्याचं वजन.

म्हणजे इथं दोन फलं एकात एक बसली आहेत. आधी कपात: क(क्ष) = क्ष − १. मग दर: द(क्ष) = १०क्ष. संयुक्त फल द(क(क्ष)) = १०(क्ष − १) = १०क्ष − १०. लिहिताना द आधी दिसतो, पण काम आतल्या कंसापासून सुरू होतं. क्रम उलटवून पाहा: क(द(क्ष)) = १०क्ष − १. २१ किलोला एकीकडे २०० रुपये, दुसरीकडे २०९. पहिल्यात किलो कापला, दुसऱ्यात रुपया.

क्रमानं काही न बिघडणाऱ्या जोड्याही असतात. १०० किलो कापसातून साधारण ३४ किलो रुई (सरकी काढलेला कापूस) निघते, आणि रुईची खंडी ३५६ किलोची. आधी ०.३४ नं गुणा की आधी ३५६ नं भागा, एका खंडीला कापूस लागतो सुमारे १,०४७ किलोच. दोन्ही पायऱ्या नुसत्या गुणाकार-भागाकाराच्या आहेत, म्हणून.

बेरीज-वजाबाकी सोपी, कंस मात्र सांभाळा. समजा कापूस ७० रुपये किलोनं विकला. मालकाच्या हाती एका गाठोड्यामागे ७०क्ष − (१०क्ष − १०), म्हणजे ६०क्ष + १०. दर वर्षी अर्धा वर्ग ६०क्ष − १० लिहितो. ५१ किलो घालून पाहा: ३,५७० − ५०० = ३,०७०. अधिकच पाहिजे. ते दहा रुपये फडक्याचे, मायच्या मजुरीतून निघून इकडे आलेले.

रेषीय फलांची बेरीज-वजाबाकी सरळच राहते. गुणाकारात क्ष-वर्ग येतो (एक फल नुसता स्थिर आकडा नसेल तर), आणि तक्त्यातले भागाकार बदलत जातात.

मागच्या हंगामात एका पोरीनं विचारलं, “मॅडम, फडकं खरंच किलोभराचं हाये का?” किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवलं. ४०० ग्रॅम. मग फळ्यावर फक्त आतलं फल बदललं: क(क्ष) = क्ष − ०.४. संयुक्त फल झालं १०क्ष − ४. चढ तोच, रेषा सहा रुपये वर. ती पोरगी ते वहीत उतरवून घरी घेऊन गेली. तिची माय पण वेचायलाच जाते.