कवडशापासून डोळ्यापर्यंत: लहान मुलांना प्रकाश कसा शिकवावा

आंबा आपल्याला कसा दिसतो, याचं चित्र तिसरी-चौथीच्या मुलांना काढायला सांगा. बरीच मुलं बाण डोळ्याकडून आंब्याकडे काढतात. तो खोडू नका. मुलांनी स्वतःहून तो फिरवायला हवा.

बुटांचं खोकं घ्या, आतून काळा कागद चिकटवा. एका बाजूला डोळ्यापुरतं भोक पाडा, वर छोटी झडप कापा. आत लाल मिरची ठेवून झाकण घट्ट लावा. "अंधारात डोये सरावले का दिसते ना सर," असं कोणी ना कोणी म्हणतंच. त्यालाच आधी पाहू द्या, हवा तेवढा वेळ. डोळा उघडा, मिरची समोर, तरी काही दिसत नाही. मग झडप उघडा. उजेड मिरचीवर पडून डोळ्यात आला, तेव्हा ती दिसली. सुमारे 1000 वर्षांपूर्वी इब्न अल-हैथम या बसऱ्यात जन्मलेल्या विद्वानानं हेच मांडलं होतं.

आता कवडसा. कवेलूच्या घरातल्या मुलांनी तो रोज पाहिलेला असतो, म्हणून मला हाच पाठाचा गाभा वाटतो. शाळा स्लॅबची असेल, तर सकाळी पूर्वेची खिडकी पुठ्ठ्यानं झाका आणि त्यात 5 मिलिमीटरचं त्रिकोणी भोक पाडा. बाकी खिडक्यांवर गोणपाट लावा. उन्हाच्या वाटेत खडूची भुकटी झटकली की सरळ पट्टा दिसतो. भोकापासून 3 मीटरवर पांढरा कागद उन्हासमोर धरा आणि कवडसा मोजायला लावा: सुमारे 3 सेंटीमीटर, आणि चक्क गोल! भोक तर त्रिकोणी होतं. इथे उत्तर लगेच देऊ नका, पोट्ट्यांना भांडू द्या. तो भोकाचा आकार नाही, सूर्याचं चित्र आहे. म्हणून तर खंडग्रास ग्रहणात कवडसे कोरीसारखे होतात. भोकातून सूर्याकडे मात्र कुणालाही पाहू देऊ नका.

हीच करामत डब्यात करा. बुडाला सुईनं भोक, तोंडावर तेल लावलेला कागद. डोक्यावर चादर घेऊन भोक उन्हातल्या कडुनिंबाकडे धरलं की कागदावर झाड उलटं उमटतं, कारण शेंड्याकडून सरळ येणारा किरण खाली पोचतो. डोळ्याच्या पडद्यावरही चित्र उलटंच पडतं. सुलट जग मेंदू समजून घेतो. बाहुली उजेडात आकसते, अंधारात मोठी होते, हे जोडीदाराच्या डोळ्यांत पाहू द्या.

शेवटी पहिलं चित्र परत द्या. सूर्याकडून आंब्याकडे आणि आंब्याकडून डोळ्याकडे असे दोन बाण आले, की पुढच्या तासाला आरसा आणा.